आधी पाईप, मग चिमणी

आमच्या घरात पहिली चिमणी आली, तेव्हा ती बसवायला आलेल्या मुलाने भिंतीतल्या जुन्या भोकाकडे पाहिलं, हातातल्या सहा इंची पाईपकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, सहाचा जात नाही. चारचा पीव्हीसी टाकतो, काही फरक पडत नाही." मीही मान डोलावली. तीन वर्षांनी तो पाईप उतरवला, तर आत काकवीसारखा तपकिरी चिकट थर होता आणि बाहेरच्या तोंडाशी कबुतरांनी काटक्या कोंबलेल्या होत्या. चिमणीत कबुतर! तोवर मी दर दिवाळीच्या साफसफाईत त्या यंत्राला नावं ठेवत होते. यंत्र बिचारं ठीक होतं.

हिशोब शाळेतल्या गणिताचा आहे. सहा इंच व्यासाच्या पाईपचं तोंड साधारण २८ चौरस इंचाचं, चार इंचीचं जेमतेम साडेबाराचं. म्हणजे वाट निम्म्याहून कमी झाली. मोटार तेवढीच ओरडते, हवा मात्र थोडीच जाते आणि मिरचीचा ठसका थेट बेडरूमपर्यंत पोचतो. म्हणून आता कुणी मला "कुठली चिमणी घेऊ?" असं विचारलं, की मी आधी उलट विचारते, "तुमचा धूर बाहेर कुठून जाणार?"

धुराची वाट

ओट्यासमोर उभं राहा, शेगडीच्या मध्यावरून वर बघा आणि तिथून बाहेरच्या हवेपर्यंतचा सगळ्यात जवळचा रस्ता शोधा. शेगडीमागची भिंतच बाहेरची असेल तर उत्तमच. पाईप दोन-तीन फुटांत संपतो. ओटा आतल्या भिंतीला असेल, तर पाईप माळ्याखालून किंवा ट्रॉलीवाल्यांनी केलेल्या कपाटांच्या डोक्यावरून न्यावा लागतो. आठ-दहा फुटांपर्यंत ठीक आहे. त्यापुढे प्रत्येक फुटाला आणि प्रत्येक वळणाला ओढ कमी होत जाते. एक काटकोनी वळण बहुतेक घरांत टळत नाही, दुसरं मात्र शक्यतो टाळा. वळण घ्यायचंच असेल तर ते सावकाश, मोठ्या गोलाईचं असू द्या. पाईप कोपऱ्यात दाबून मुडपला, की तिथे तो चपटा होतो, आणि सगळं नुकसान तिथेच होतं.

पुण्याकडच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी असते, आणि पाईप तिथे सोडून देण्याची फार जुनी पद्धत आहे. बाल्कनी उघडी असेल तर हरकत नाही. पण बऱ्याच जणांनी ती स्लायडिंग लावून बंद केलेली असते आणि आत वॉशिंग मशीन, दोरीवर वाळणारे कपडे असतात. मग सुरमई तळलेल्या दिवशी शाळेचा गणवेशही सुरमईचा होतो. पाईप बाल्कनीत न थांबवता तिच्या बाहेरच्या रेषेपर्यंत न्या.

इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये, म्हणजे बाथरूमच्या खिडक्या उघडतात त्या अरुंद पोकळीत, पाईप सोडायचा विचार असेल तर थांबा. तुमची फोडणी वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममध्ये जाणार, आणि पुढच्या सोसायटी मीटिंगचा पहिला विषय तुम्हीच असणार. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायलाही सोसायटीची लेखी परवानगी घेऊन ठेवा. तोंडी "हो हो, करा" हे सेक्रेटरी बदलला की विसरलं जातं.

भाड्याचं घर असेल तर भिंतीला हात न लावता खिडकीचा उपयोग होतो. वरच्या झरोक्याची एक काच काढायची, तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा बसवायचा आणि त्यात सहा इंचांचं गोल कापायचं. घर सोडताना काच परत लावली की झालं. काच सुतळीत बांधून माळ्यावर ठेवा, फेकू नका.

आणि वाटच नसेल तर? दुकानात पाईपविना चालणारी चिमणी दाखवतात. ती हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत खोलीतच सोडते. वास आणि थोडं तेल अडतं. वाफ, उष्णता आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू घरातच राहतात, आणि तो कोळसा काही महिन्यांनी बदलावाही लागतो. आपल्या फोडण्यांपुढे ती मला दुबळी वाटते. अशा घरात खिडकीत बारा इंची चांगला एक्झॉस्ट पंखा बसवा. तो चिमणीच्या मानाने बराच स्वस्त पडतो आणि हवा खरोखर बाहेर टाकतो. धूर आधी खोलीत पसरून मग जातो, एवढीच त्याची उणीव.

टेप घेऊन ओट्याशी

चिमणीची खालची कड शेगडीपासून किती उंच हवी, ते प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. गॅसच्या शेगडीसाठी ते साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर, म्हणजे २६ ते २९ इंच असतं. गडबड अशी होते, की हे अंतर लोक ओट्यापासून मोजतात. ते शेगडीवरच्या जाळीपासून, जिथे भांडं टेकतं तिथून मोजायचं. शेगडीची उंची चार-पाच इंच असते. ती विसरलात तर चिमणी तेवढी खाली येते, फिल्टर तापतो आणि पुढच्या कडेवर रोज कपाळ आपटतं.

उदाहरण घ्या. ओटा ३४ इंच, शेगडी ५ इंच, वर २७ इंच मोकळे. चिमणीचा तळ जमिनीपासून ६६ इंचांवर आला, म्हणजे साडेपाच फूट. चिमणीचं अंग, पाईप जोडण्याच्या तोंडासकट, अजून दीड फूट धरा. झाले सात फूट. जुन्या इमारतींत नेमका तिथेच ओट्यावर सिमेंटचा माळा येतो. त्यामुळे पाईपला सरळ वर जायला जागाच राहत नाही आणि तोंडापाशीच वळण घ्यावं लागतं. चिमणी घरी आल्यावर हे कळलं तर फिटर हातोडा काढतो. माळा सिमेंट-सळईचा असेल तर तो फोडू देऊ नका, कमी उंचीचं मॉडेल शोधा. दुकानात जाताना तीन मापं कागदावर हवीत: जाळीपासून माळ्यापर्यंतची उंची, शेगडीची रुंदी, आणि पाईप कुठून कुठे जाणार त्याची लांबी-वळणं. मोबाईलमध्ये भिंतीचा फोटोही काढून घ्या.

रुंदीचं सोपं आहे. चिमणी शेगडीपेक्षा अरुंद नको. दोन-तीन बर्नरच्या शेगडीला ६० सेंटीमीटर चालते. शेगडी त्याहून रुंद किंवा चार बर्नरची असेल तर ७५ किंवा ९० घ्या.

चिमणी भिंतीपासून किती पुढे येते, याकडे मात्र कुणी बघत नाही. ओटा दोन फूट खोल असतो आणि सुटी शेगडी आपण सवयीने पुढे ओढून ठेवतो. चिमणी भिंतीपासून दीड-पावणेदोन फूटच पुढे येते. मग पुढच्या बर्नरवरचा धूर चिमणीच्या कडेला टाटा करून वर निघून जातो. भिंतीपासून सुरक्षित अंतर सोडून शेगडी मागे सरकवा, आणि ठेचा, पापड, मासे मागच्या किंवा मधल्या बर्नरवर करा. हा उपाय फुकट आहे.

दुकानात काय विचारायचं

खोक्यावर मोठ्या अक्षरांत आकडा असतो: १०००, १२००, १४०० घनमीटर प्रति तास. हा ओढीचा आकडा. आता आपलं स्वयंपाकघर मोजा. आठ बाय नऊ फूट आणि साडेनऊ फूट उंच खोलीत साधारण १९ घनमीटर हवा मावते. तासाला पंधरा वेळा ती सगळी बदलायची म्हटली तरी ३०० घनमीटर पुरतात. मग हजाराची गरज काय? खोक्यावरचा आकडा बहुधा पाईप न जोडता मिळणाऱ्या ओढीचा असतो. पाईप, वळण, बाहेरची झडप, फिल्टरवरचं तेल या सगळ्यांतून उरते ती खरी ओढ. शिवाय आपली फोडणी एका क्षणात धूर सोडते, तासाची सरासरी तिला ठाऊक नाही. म्हणून बंद स्वयंपाकघराला हजाराच्या आसपासची, आणि हॉलला जोडलेल्या उघड्या किचनला १२०० ची चिमणी मला योग्य वाटते. त्यापुढच्या आकड्याला पैसे घालण्यापेक्षा ते पाईपचं वळण कमी करण्यात घाला.

फिल्टरवर मात्र वेळ द्या. बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत. जाळीच्या पातळ थरांचा फिल्टर सुरुवातीला छान ओढतो, पण आपल्या तेलाने लवकर बुजतो. तो आठवड्याला धुणारं कुणी घरात नसेल तर घेऊ नका. बॅफल म्हणजे एकाआड एक उलट्या-सुलट्या वळलेल्या स्टीलच्या पट्ट्या. धूर त्यांतून नागमोडी जातो, तेल जड असल्याने पट्ट्यांवर आपटून खाली ओघळतं. रोज पोळी-भाजी, आठवड्यातून दोनदा तळण अशा घराला मी डोळे मिटून बॅफल सुचवते. तिसरा प्रकार फिल्टरविना. त्यात पंख्याच्या वेगानेच तेल बाजूला फेकलं जातं आणि वाटीत साठतं. दर पंधरवड्याला फिल्टर काढून घासण्याची कटकट नाही, म्हणून घरात वयस्कर माणसंच असतील तर तो सोयीचा. पण तेल आतल्या पंख्यावर बसतं, आणि तिथे आपला हात पोचत नाही.

यालाच जोडून ऑटो क्लीन येतं. बटण दाबलं की आतली कॉईल तापते, पंख्यावरचं तेल पातळ होतं आणि वाटीत उतरतं. चांगली सोय आहे, पण नेमाने वापरली तर. सहा महिने विसरून मग बटण दाबलं, तर मसाला आणि तेल मिळून जमलेला टणक थर नुसत्या उष्णतेने सुटत नाही. "मॅडम, ऑटो क्लीन आहे, आयुष्यात धुवायला नको" असं विक्रेता म्हणाला तर हसून पुढचा प्रश्न विचारा.

पुढचा प्रश्न म्हणजे वॉरंटी. मोटारची वर्षं मोठ्या अक्षरांत असतात. बाकीच्या भागांची किती ते बारीक अक्षरांत. स्विचचं पॅनल आणि दिवेच आधी जातात, म्हणून तोच आकडा खरा. बटणं साधी दाबायची असलेली मला आवडतात. हात हलवून चालू होणारी कणकेच्या हातांना सोयीची खरी, पण पॅनल बिघडलं तर सगळी चिमणी मुकी. आवाज पूर्ण वेगावर ऐकून घ्या. आणि पाईप, क्लॅम्प, बाहेरची टोपी, भिंतीचं भोक यांतलं किंमतीत काय धरलंय ते बिलावर लिहून घ्या. "इन्स्टॉलेशन फ्री" असतं ते फिटरच्या हातांपुरतं.

चिमणी यायच्या आधीचं काम

प्लग आधी करून ठेवा. साधारण चिमणीची मोटार दोनशे-अडीचशे वॅटची असते, ६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग पुरतो. ऑटो क्लीनची कॉईल असेल तर पुस्तिकेतला एकूण भार इलेक्ट्रिशियनला दाखवा. प्लग शेगडीच्या डोक्यावर नको आणि पाईपच्या मागेही नको. बाजूला, सात फुटांच्या आसपास, स्टुलावर चढून हात पोचेल असा असावा. अर्थिंग आहे ना ते तपासून घ्या. अंग लोखंडी, ओला फडका रोजचा, तिथे अर्थिंगशिवाय चालत नाही.

भोक कोअर कटिंगच्या, म्हणजे भिंत गोल कापत जाणाऱ्या, मशीनने पाडून घ्या. छिन्नी-हातोड्याने पाडलेलं भोक बाहेरच्या बाजूने ताटाएवढं होतं आणि पावसात तिथूनच ओल येते. पाडण्याआधी त्या जागी बारीक ड्रिल मारून भुकटीचा रंग बघा. लाल आली तर विटा. पांढरट, पिठासारखी आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं तर हलके ब्लॉक. करडी भुकटी आली आणि ड्रिल पुढेच सरकेना, तर तो बहुधा बीम किंवा कॉलम आहे. तिथे भोक पाडायचं नाही. फिटर म्हणेल "छोटंसंच आहे", तरी नाही. इमारत उभी आहे ती त्याच्यावर. बीमच्या खालून वाट काढा. भिंतीतून जाणारे पाण्याचे पाईप आणि वायरी कुठे आहेत, पाइप गॅस असेल तर त्याची नळी आणि बंद करायची खिट्टी कुठे आहे, हे फिटर येण्याआधी खडूने भिंतीवर मांडून ठेवा.

भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा. अर्धा-पाऊण इंच पुरतो. पावसाचं पाणी मग आत येत नाही.

बसवण्याचा दिवस

पहिली रेघ शेगडीच्या मध्यावरून उभी मारायची. ओट्याच्या किंवा टाईल्सच्या मध्यावरून मारली की चिमणी एका बाजूला सरकते, आणि ते रोज डोळ्यांना खुपतं. मग आडवी रेघ, लेव्हल लावून. टाईल्सच्या सांध्यावर भरवसा ठेवू नका, ते वाकडे असतात.

टाईलवर ड्रिल मारताना आधी चिकटपट्टीची फुली लावली, तर टोक घसरत नाही. टाईल संपेपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके, बंद ठेवायला सांगा, नाहीतर तडा गेलाच. विटांच्या भिंतीला साधे फास्टनर चालतात. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला त्यासाठीचे वेगळे लांब, स्क्रू धरणारे प्लग लागतात, कारण बारा-पंधरा किलोचं यंत्र, त्यात मोटारची थरथर. साधे प्लग काही महिन्यांत सैल होतात. चिमणी अडकवल्यावर दोन्ही हातांनी खाली हलकेच ओढून बघा. फिटरला राग आला तर येऊ द्या.

आता पाईप. चिमणीच्या तोंडावर एक पातळ झडप असते. हवा बाहेर जाताना ती उघडते, बंद असताना मिटते आणि बाहेरचा वारा, झुरळं आत येऊ देत नाही. खोक्यात ती पुष्कळदा टेपने चिकटवलेली येते. टेप काढली का, बोटाने झडप हलते का, ते पाईप चढण्याआधीच बघा. ॲल्युमिनियमचा लवचीक पाईप पूर्ण ताणून, लागेल तेवढाच ठेवून उरलेला कापून टाकायला लावा. फिटर तो कापत नाहीत. "पुढेमागे लागेल" म्हणून माळ्याखाली अजगरासारखा वेटोळं करून सोडतात. न ताणलेल्या पाईपच्या चुण्यांतच तेल साचतं. लांब सरळ अंतर असेल तर गुळगुळीत, सहा इंची कडक पाईप अधिक बरा. सांध्यांना क्लॅम्प आणि त्यावर ॲल्युमिनियमची टेप लावायची. कपड्याची किंवा साधी चिकटपट्टी उष्णतेने सुटते. बाहेरच्या तोंडाला झडपेची टोपी लावा. बारीक जाळी नको, ती दोन महिन्यांत तेलाने बुजते.

फिटरच्या कागदावर सही करण्याआधी पाच मिनिटं मागून घ्या. पूर्ण वेगावर चिमणी चालू करून वर्तमानपत्राचं पान फिल्टरला लावा, ते चिकटून राहिलं पाहिजे. उदबत्ती पेटवून पुढच्या बर्नरवर धरा, धूर कुठे वळतो ते दिसेल. पाईपच्या सांध्यांवरून ओला हात फिरवा. गार झुळूक लागली तर तिथून हवा गळतेय आणि पुढे तेलही गळणार. शेवटी बाहेर जाऊन टोपीखाली हात धरा. आत ढगांचा गडगडाट आणि बाहेर फुंकर, असं असेल तर झडप किंवा पाईप अडकलाय. मी पहिल्या वेळी एवढं केलं असतं तर तीन वर्षं वाचली असती.

रोजचा वापर

चिमणी हवा बाहेर टाकते तेवढीच हवा कुठूनतरी आत यायला हवी. सगळी दारं-खिडक्या बंद असतील तर तिचा दम कोंडतो. लांबची एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा. शेगडीशेजारची नको, ज्योत फडफडते आणि धूर चिमणीच्या तावडीतून सुटतो. स्वयंपाकघराला लागून किंवा बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर ही खिडकी सक्तीची समजा. बंद घरात जोरदार चिमणी गीझरचे जळके वायू उलटे घरात ओढू शकते. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. जुना एक्झॉस्ट पंखा चिमणीच्या टोपीशेजारीच असेल तर त्याचं भोक झाका, नाहीतर बाहेर टाकलेला धूर तिथूनच परत येतो.

फोडणीचं तेल तापायला ठेवतानाच चिमणी सुरू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. विजेची काळजी करू नका. २०० वॅटची मोटार रोज दीड तास चालली तरी महिन्याला नऊ युनिट होतात. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर मात्र गॅस आणि चिमणी दोन्ही लगेच बंद करून कढईवर झाकण ठेवा. चालू चिमणी ती ज्वाळा तेलकट फिल्टरकडे ओढते. पाणी अजिबात ओतू नका.

बॅफल दर पंधरा-वीस दिवसांनी काढा. टबात कढत पाणी, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण घालून अर्धा तास बुडवून ठेवा, मग जुन्या ब्रशने घासा. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा वापरू नका, ती काळी पडते. तिला नुसतं गरम पाणी आणि साबण द्या. उन्हात उभे ठेवून खडखडीत वाळल्याशिवाय परत चढवू नका. तेलाची वाटी अर्धी भरली की रिकामी करा, पण मोरीत नाही, जुन्या कागदात पुसून कचऱ्यात.

मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, बाहेरची टोपी एकदा बघा. हात पोचत नसेल तर चिमणी लावून मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करा. झडप उघडलेली दिसली पाहिजे. मागच्या वर्षी आमची अर्धीच उघडत होती. खाली दोन काटक्या आणि एक करडं पीस अडकलं होतं.